पूर्वजांची कीर्ती आणि वारसाचे ऋण

आपल्या पूर्वजांनी जगाला काही दिले, ह्या जाणिवेने ज्याचे मन थोडेसेही फुलत नाही असा मनुष्य विरळाच. ग्रीकाला आपल्या तत्त्ववेत्त्यांचा, अरबाला आपल्या वैद्यांचा, चिन्याला आपल्या कागदाचा अभिमान वाटतो. तसा तो आम्हालाही वाटावा ह्यात नवल नाही. परंतु ह्या विषयावर आमच्याकडे जे वाद माजतात ते बहुधा एकाच मुद्द्याभोवती फिरत राहतात : अमुक वस्तू मूळची आमची की परकीयांची? एक पक्ष म्हणतो, सारे ज्ञान येथूनच बाहेर गेले. दुसरा म्हणतो, येथे जे होते ते सारे उसने. ह्या गलबल्यात त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो, आणि तो इतिहासाचा नसून नीतीचा आहे. पूर्वजांनी जगाला मोठे दान दिले हे सिद्ध झाले, तर त्यावरून आज जगणाऱ्या वारसाकडे काय येते? हक्क येतो की कर्तव्य?

प्रश्न मोघम राहू नये म्हणून एकच उदाहरण घेऊन त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा हे बरे. ते उदाहरण आपल्या घरचेच आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेला असून तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा ह्यांची ती यादी आहे. इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण, असा तो हिशेब असून संख्या चिन्हांनी लिहिल्या आहेत. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण दिल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी ह्या चिन्हांचा उलगडा केला, आणि आज सर्व जग ज्या अंकांनी व्यवहार करते त्यांची एक अतिप्राचीन पिढी सह्याद्रीच्या कड्यावर उभी आहे हे विद्वानांच्या ध्यानी आले.

येथे सत्याला सोडून चालणार नाही. नाणेघाटाच्या लेखात शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. चोवीस हजार चारशे लिहिण्यासाठी वीस हजाराची, चार हजाराची आणि चारशेची अशी निरनिराळी चिन्हे एकापुढे एक मांडावी लागली. दहाच चिन्हांत सारी संख्यासृष्टी सामावण्याची युक्ती पुढील काही शतकांत सिद्ध झाली. आणि ६२८ साली ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी ह्याचे नियम सांगितले. हे दान खरोखरच थोर आहे. ते लहान करून सांगण्याचे कारण नाही.

पण दान गेले कसे, हेही पाहिले पाहिजे. ६६२ साली सीरियातील सेव्हेरस सेबोख्त नावाच्या धर्मगुरूने, सारे ज्ञान आपल्याच भाषेत आहे असे मानणाऱ्या ग्रीकाभिमान्यांना, हिंदूंच्या नऊ चिन्हांची आठवण करून दिली. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीने हिंदूंच्या गणनापद्धतीवर ग्रंथ लिहिला. १२०२ साली पिसा नगरीच्या लिओनार्दोने आपल्या ग्रंथात ही नऊ चिन्हे हिंदूंची म्हणूनच युरोपच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवली. अरबांनी ह्या अंकांना ‘हिंदी’ म्हटले. युरोपाने ते अरबांकडून घेतले म्हणून त्यांना ‘अरबी’ म्हटले. ज्याच्या हातून मिळाले त्याचे नाव घ्यावे, ही ऋण मानण्याची साधी रीत दोघांनीही पाळली. आणि आम्ही? आम्ही १, २, ३ ह्यांना मराठी अंक म्हणतो आणि त्यांच्याच युरोपीय भावंडांना ‘इंग्रजी आकडे’ म्हणून परके करतो. १९४९ साली संविधानसभेत ह्याच अंकांवरून मोठा वाद झाला, आणि शेवटी ३४३ व्या अनुच्छेदात त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असे नाव मिळाले. भारतीय आणि आंतरराष्ट्रीय ही दोन्ही विशेषणे एकाच वस्तूला लावणाऱ्या त्या शब्दयोजनेत मोठे शहाणपण आहे.

देणाराही रिकाम्या हाताने जन्माला येत नाही. शून्याचे चिन्ह असलेल्या अतिप्राचीन आणि निश्चित कालाच्या लेखांपैकी एक कंबोडियातील संबोर येथे सापडला. त्यावर ६०५ हे शकवर्ष, म्हणजे इ.स. ६८३, असून मधले शून्य एका टिंबाने दाखविले आहे. पाहा, काय योग आहे! अंक आमचा, दगड कंबोडियाचा. आणि कालगणना कोणाची? शकांची. हे शक बाहेरून आलेले. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला शकांचा संहारक म्हणून गौरविले आहे. आणि तरीही महाराष्ट्रातील प्रत्येक पंचांग आजही ‘शालिवाहन शके’ म्हणून, जिंकणारा आणि जिंकलेला ह्यांची नावे एकत्र जोडून, वर्ष मोजते. आमचे ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीकांकडून आले. वराहमिहिराला ह्याची लाज वाटली नाही. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यापाशी नीट वसले आहे, म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य होत, अशा अर्थाचे त्याने स्पष्ट लिहिले आहे. जो समाज इतक्या मोकळेपणाने घेत होता तोच जगाला देऊ शकला. ह्या दोन गोष्टींचा संबंध केवळ योगायोगाचा नसावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे दान बगदादला पोहोचले, पिसाला पोहोचले, संबोरला पोहोचले, ते नाणेघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कुणब्याच्या दारी पोहोचले काय? ह्या प्रश्नापाशी अभिमानाची वाणी अडखळते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर आसपासच्या मुलखात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ले केले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घेऊन त्यांनी जाळले. ज्या कागदावर त्यांनी निशाणी केली होती त्यावरील आकडा त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हता. ज्या देशाने जगाला शून्य दिले त्या देशात, मुद्दलापुढे एक शून्य अधिक पडले आहे की काय हे पाहण्याचे सामर्थ्य ऋणकोपाशी नव्हते! आणि ह्याच्या आधी सत्तावीस वर्षे, १८४८ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींना अक्षरे आणि अंक शिकवावयास आरंभ केला तेव्हा त्यांना विरोध करणारे लोक पूर्वजांच्या विद्येचा अभिमान वाहणारेच होते. दूरच्याला दिलेल्या दानाची कीर्ती सांगावयाची आणि शेजाऱ्याला तेच नाकारावयाचे, ह्या विसंगतीला नीतिशास्त्रात क्षमा नाही.

हा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आजचे एक गाव पाहू. ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर घणसोली आहे. नाणेघाटातून उतरणारा माल ज्या कल्याण-सोपाऱ्याकडे जात असे त्याच किनारपट्टीचा हा भाग. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे येथील आगरी-कोळ्यांचे जुने व्यवसाय. १९७० साली नवी मुंबईची योजना निघाली, आणि ज्या ९५ गावांच्या भूमीवर ती उभी राहावयाची होती त्यांत घणसोलीही आले. तेव्हापासून ह्या गावांचे दैव आकड्यांत लिहिले जाऊ लागले : सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, एकरी मोबदला. हे आकडे मांडणारे एक होते आणि भोगणारे दुसरे. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. आणि त्यानंतर संपादित भूमीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. घणसोली गावात आज ‘साडेबारा टक्के’ हा शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडी आहे. नागनिकेच्या लेखातील संख्या दात्याच्या कीर्तीसाठी कोरलेली होती. ही संख्या घेणाऱ्यांनी झगडून मिळविलेली आहे. अंकांच्या खऱ्या वारशाचा विचार करताना मला पहिलीपेक्षा दुसरी अधिक महत्त्वाची वाटते, कारण आकडा वाचून त्याला प्रश्न विचारणे हाच गणिताचा प्राण होय.

ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो विचारार्ह आहे. १८३५ साली मेकॉलेने पौर्वात्य विद्येला तुच्छ लेखले. अशा अपमानाखाली वाढलेल्या राष्ट्राला पूर्वजांच्या अभिमानाचाच आधार होता, तो काढून घेणे क्रूरपणाचे नव्हे काय? दास्यात असलेल्या मनाला तो आधार औषधाप्रमाणे उपयोगी पडला हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु औषध हे अन्न नव्हे. रोग हटल्यावरही जो केवळ औषधावरच राहतो त्याची प्रकृती सुधारत नाही. शिवाय रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्यांनी त्या काळातही पुराव्यापलीकडे एक पाऊल न टाकता प्राचीन भारताचा इतिहास लिहिला, आणि त्याने देशाची प्रतिष्ठा वाढलीच.

पूर्वजांच्या दानाने वारसाकडे हक्क येत नाही, ऋण येते, हा विचार आम्हाला परक्यांकडून शिकावयाचा नाही. मनुष्य ऋणे घेऊनच जन्मतो आणि त्यांतील ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, हे वैदिक परंपरेचेच सांगणे आहे. तैत्तिरीय संहितेत ते ब्राह्मणाला उद्देशून आले आहे. त्याची मर्यादा काढून टाकणे हे आमच्या युगाचे काम. ह्या ऋणाचा विशेष असा की ते धनकोला परत करता येत नाही. ऋषी निघून गेले. ते पुढच्यालाच द्यावे लागते. म्हणून ब्रह्मगुप्ताचा वारस ठरविण्यासाठी कुळ, जात किंवा देश पाहण्याचे प्रयोजन नाही. लिओनार्दो त्याचा वारस होता; आणि घणसोलीच्या शाळेत एखाद्या मच्छीमाराच्या मुलीला शतमान शिकविणारी, नंतर तिच्या घरातील कागदावरचा आकडा तिच्याकडूनच पडताळून घेणारी शिक्षिकाही त्याची वारस आहे. ज्याला पूर्वजांचा अभिमान वाहावयाचा असेल त्याने आधी आपल्याकडून हे ऋण किती फिटले ह्याचा हिशेब करावा. अंक त्यासाठीच मिळाले आहेत.