लोढणं

खिलार खोंड दीड-दोन वर्षांचं झालं की त्याच्या अंगात वारं शिरतं. दावं सोडलं की आधी शेपूट वर करून खळ्याला चार चकरा मारणार, मग पाण्यावर येणार. पुसेगावच्या जत्रेत गिऱ्हाईक असलंच खोंड शोधतं. मान खाली घालून उभ्या राहिलेल्या खोंडाचे दात बघायलासुद्धा कुणी थांबत नाही. पण तेच खोंड दुसऱ्याच्या उभ्या ज्वारीत शिरायला लागलं की त्याचं नाव बदलतं. मग ते चपळ राहत नाही, ओढाळ होतं. ओढाळ जनावरासाठी जुन्या माणसांनी एक साधी सोय केली होती, लोढणं. लाकडाचा ओंडका जनावराच्या गळ्यात असा बांधायचा की तो पुढच्या दोन पायांमध्ये लोंबला पाहिजे. जनावर चालतं, चरतं, पाणी पितं. पळायला लागलं की मात्र ओंडका गुडघ्यावर बसतो. तरीही पिकात शिरलंच, तर कोंडवाडा होता, आणि कोंडवाड्याचा दंड ज्याचं जनावर त्यानंच भरायचा.

शहरातल्या वाचकाला हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पोरांविषयी बोलायचंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी चार नातवंडं जमतात. लेकीची दोन पोरं पुण्याहून येतात, थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सात. लेकाची दोन आमच्याजवळच असतात. नात अकरा वर्षांची आणि तिच्या पाठचा साडेतीन वर्षांचा. त्याला सगळे बाळच म्हणतात. पुण्याची दोघं आली की घराचं छप्पर तेवढं जागेवर राहतं. कोंबड्या झाडावर, कुत्रं गोठ्यात, आणि ह्यांचा मुक्काम कडब्याच्या गंजीवर. मला ते आवडतं, हे आधीच कबूल करतो. वर्षभर ज्या अंगणात वाळवणाशिवाय काही हलत नाही, तिथं धुरळा उडाला की बरं वाटतं.

मग कुणीतरी म्हणतं, पोरांना कुठंतरी फिरवून आणू. आमच्यात फिरायला जायचं म्हणजे आधी देव. त्याशिवाय बाईमाणसाला घरातनं निघायला कारण सापडत नाही. गेल्या मे महिन्यात जेजुरीचं ठरलं. भाड्याची जीप, दहा माणसं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, पाण्याचे दोन कॅन. फलटण, लोणंद, नीरा अशी वाट. खिडकीच्या जागेवरनं फलटणपर्यंत भांडण आणि तिथून पुढं ओकाऱ्या. एवढं सगळ्यांच्याच घरात होतं, ते लिहीत बसत नाही.

जेजुरीच्या पायऱ्यांवर मात्र थांबावं लागेल. मे महिन्यात दगड तापलेला. दोन्ही बाजूंना भंडार-खोबऱ्याची दुकानं, कुठं नुसत्या पराती मांडून बसलेल्या म्हाताऱ्या बाया. पायऱ्यांवर सांडलेली हळद, त्यामुळं सगळा गडच पिवळा. दोघा भावांनी पैज लावली, पुढच्या कमानीला आधी हात कोण लावतो. सुटले. लोक बाजूला होत होते, हसत होते. जावईबापू कौतुकानं मोबाईलमध्ये टिपत होते. आणि धाकट्याचा धक्का एका म्हातारीच्या परातीला बसला. परात तीन पायऱ्या खाली, भंडार सगळा दगडावर.

जावईबापूंनी हसत हसत शंभराची नोट काढली. "पोरंच ती, आजी." म्हातारीनं नोट घेतली, कपाळाला लावली नाही, कनवटीला खोचली. इथवर ठीक होतं. मग आमच्या कारभारणीनं मागं वळून नातीला विचारलं, "तुझं ध्यान कुठं हुतं गं? पोरांच्या मागं ऱ्हा म्हणलं हुतं न्हवं?"

नात त्या वेळी वीस-पंचवीस पायऱ्या खाली होती. कडेवर बाळ, दुसऱ्या हातात पाण्याची पिशवी. ती काही बोलली नाही. बोलली ती परातवाली म्हातारी. खाली वाकून, मुठीमुठीनं भंडार गोळा करता करता म्हणाली, "अवो बाई, ती पोर तर तिकडं खाली हाय. तिला कशापायी बोलता?"

वर जाऊन देवदर्शन झालं, यळकोट झाला, खोबरं वाटलं. पण माझ्या डोक्यातनं म्हातारीचा प्रश्न जाईना. ओढाळ एक आणि लोढणं भलत्याच्या गळ्यात, असं आम्ही गुरांच्या बाबतीत कधी केलं नाही. मग लेकरांच्या बाबतीत हे एवढं सहज कसं होतं?

रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर विषय काढला. जावईबापूंचं म्हणणं नीट ऐकून घेण्यासारखं होतं. ते म्हणाले, "आबा, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोरं पळाली की खालचे लोक वर येतात. वर्षभर आम्ही त्यांना 'हळू, हळू' एवढंच म्हणतो. इथं तरी त्यांना मोकळं सोडू द्या." हे खरं आहे. बांधलेलं जनावर सुटल्यावर दुप्पट उधळतं, त्यात त्याचा दोष नाही. नऊ वर्षांच्या पोरानं पायरी पायरीनं, हात जोडून गड चढावा असं मला कधीच वाटणार नाही.

पण मोकळीक ही पाण्यासारखी असते. आमच्या विहिरीवर चार भावकीच्या पाळ्या आहेत. माझा ऊस हिरवागार दिसतोय म्हणून कुणी शाबासकी दिली, तर आधी बघावं लागतं, पाणी माझ्या पाळीचं होतं का शेजाऱ्याच्या. पोरं खुशाल उधळली. पण ती उधळायला लागणारी दोन मोकळी माणसं, चार जागे डोळे, एक मोकळी कड, हे कुणाच्या वाटणीतनं आलं? आणि ज्याच्या वाटणीतनं आलं, त्याला विचारलं होतं का? सुट्टी नातीलाही होती. तिचीही शाळा बंद होती. शाळेच्या मैदानावर खो-खोत ती पोरांना हुलकावणी देते, हे मी बांधावरनं बघितलंय. जोर तिच्यातही तेवढाच आहे. फरक एवढाच की तिचा जोर दिसायच्या आत कामाला लागतो.

कारभारीण म्हणाली, "पोरीच्या जातीला सवय पायजे. आन् तिला आवडतंय की बाळाला घ्यायला." आवडत असेलही. पण शिकवलेला बैल आपण होऊन जुवाखाली मान घालतो, त्यावरून त्याला जू आवडतं असं कुणी शेतकरी म्हणत नाही. आवडीची परीक्षा एकच. 'आज मी नाही घेणार बाळाला' असं ती म्हणू शकते का, आणि म्हणाली तर घरात काय होतं? माझ्या माहितीत तिनं अजून म्हणून बघितलेलं नाही.

हे माझ्या मनात एवढं खोल जायला एक जुनं कारण आहे. मी तीन-चार वर्षांचा असेन, म्हणजे 1965 च्या आसपासची गोष्ट. आमची सहल म्हणजे चैत्रातली शिखर शिंगणापूरची यात्रा. बैलगाडीनं जायचं. पोरं गाडीत बसायचीच नाहीत, गाडीबरोबर पळायची. आणि त्या पळण्याला काम जोडलेलं असायचं. चाक रुतलं की रेटा द्यायचा, मुक्कामाला काटक्या गोळा करायच्या, आडावरनं पाणी आणायचं, बैलांना वैरण टाकायची. संध्याकाळी पोर आपोआप आडवं व्हायचं. हल्लीच्या सहलीत पोरांना करायला कामच ठेवलेलं नाही, हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. आणि शिंगणापूरला बघायचं म्हणजे मुंगी घाटातनं वर चढणारी कावड. सासवडच्या तेल्या भुत्याची कावड त्या उभ्या कड्यानं वर जाते. माणसांची साखळी, एकमेकांच्या हाताला हात, पाय ठेवायला नीट जागा नाही, आणि खांद्यावर महादेवाला घालायचं पाणी. तरुण पोरांचा जोर म्हणजे काय, हे ज्यानं ती चढण बघितली त्याला समजावून सांगावं लागत नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. मी म्हणे फार पळायचो. पुढं पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मागं एकदा दिवाळीला आली असताना मी कावडीच्या गोष्टी रंगवून सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, "म्या लगीन व्हईस्तोवर दर साली शिंगणापूरला गेले. कावड एकदाबी बघितली न्हाई." का? तर कावडीच्या वेळी गर्दीत पोरं हरवतील म्हणून बारकी पोरं आणि बैल झाडाखाली तिच्या ताब्यात असायचे. तिला घाटातनं नुसता 'हर हर महादेव' ऐकू यायचा. तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. म्हटलं, औंदा चल, मी नेतो. तर म्हणाली, "आता गुडघं न्हाईत रं."

कुणी म्हणेल, खोडकरपणाचं कौतुक आपल्या देवाधर्मातच आहे. आहे खरं. कीर्तनात बाळकृष्णानं दह्याची मडकी फोडली की आम्ही टाळ्या वाजवतो. फुटलेली मडकी कुणी झाडून काढली, हे बुवा सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. पण त्याच गोष्टीत पुढं एक प्रसंग आहे, तो मला जास्त मोलाचा वाटतो. यशोदेच्या सोसण्यापलीकडं गेलं तेव्हा तिनं दोरी घेतली आणि उखळाला बांधलं ते कृष्णालाच. गवळ्याची एखादी पोर बोलावून 'ह्याच्यावर ध्यान ठेव' असं म्हणाली नाही. पोटाला दावं बांधलेला म्हणून तर तो दामोदर. आणि बांधून त्याचं काय बिघडलं? ते उखळ ओढत तो दोन झाडांच्या मधनं गेला आणि झाडंच उन्मळली. ज्याच्यात खरा जोर आहे त्याला थोडं ओझं दिल्यानं त्याचा जोर मरत नाही. फक्त यशोदेसारखं दोरी हातात घ्यायला कुणीतरी लागतं, आणि ते कौतुक करणाऱ्या माणसाच्या हातनं होत नाही.

दिवाळीत पुन्हा सगळी जमली. या खेपेला पोरांनी समुद्र मागितला. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागर. घाटातल्या वळणांवर लिंबाच्या फोडी संपल्या. निघायच्या आधी, सगळे जीपजवळ उभे असताना, मी थोरल्या नातवाला सांगितलं होतं, "समुद्रावर पहिला तासभर बाळ तुझ्याकडं. पाण्यापासनं लांब, कोरड्या वाळूत. मी जवळ बसतो, पण धरायचं तू." तो म्हणाला, "मी का? ताई आहे ना." मी म्हटलं, "ताई आहे, पण ती समुद्र बघायला आलीय."

तो तासभर मी वाळूत बसून बघितला. नातवानं आधी खड्डा खणला, बाळाला त्यात बसवलं, आणि आपलं काम झालं असं समजून उठला. बाळ त्याच्याआधी खड्ड्याबाहेर. मग पाठलाग. बाळ पाण्याकडं, हा आडवा. बाळ कुत्र्यामागं, हा बाळामागं. पाऊण तासात थोरल्याला धाप लागली. "आबा, हा ऐकतच नाही!" धाकट्याला भावाची फजिती बघून एवढी मजा आली की तो पाण्यात जायचंच विसरला आणि शेवटी बाळाला पकडायला तोही लागला. कारभारीण दोनदा उठायला निघाली, दोनदा मी पदर धरून बसवली. तिनं मग लुगडं सावरलं आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट पायाखालनं वाळू ओढून नेते तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली. हे मला अपेक्षित नव्हतं.

नात घोटाभर पाण्यात उभी होती. सुरुवातीला दर मिनिटाला मागं वळून बाळाकडं बघायची. लाट आली की तिचा डावा हात आपसूक कमरेला जायचा, कडेवरचं पोर सावरल्यासारखा. कडेवर कुणी नव्हतं. असं बराच वेळ चाललं. मग तिनं चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेकडेनं चालायला लागली, पुढं पळायला लागली. गुहागरचा किनारा सरळ आणि लांबच लांब, एका बाजूला सुरूची झाडं. पळता पळता ती बोटाएवढी झाली.

"अवो, पोरगी किती लांब गेली बघा," कारभारीण पाण्यातनं ओरडली.

"दिसतीय की," मी म्हटलं.

रात्री खानावळीत भात-आमटीवर थोरला नातू माझ्या शेजारी येऊन बसला. दमला होता, पण डोक्यात हिशोब चालू होता. "आबा, उद्या पण बाळ माझ्याकडंच का?"

"न्हाई," मी म्हटलं. "उद्या त्याच्या बापाकडं."

समोर बसलेल्या आमच्या चिरंजिवांनी मोबाईल खाली ठेवला.