मोठा जेट घालण्याआधी

कोल्हापूर

चि. भाच्यास,

परवा फोन गाडीच्या बॉनेटखाली धरून तू मला इंजिनाचा आवाज ऐकवलास. आठ महिने खपून, सुट्टीचे सगळे दिवस घालून तू आजोबांची अ‍ॅम्बॅसेडर घरच्या अंगणात पुन्हा उभी केलीस, याचा मला किती अभिमान वाटतो हे आधी सांगतो. बाकीचं फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

तू सांगितलेली लक्षणं अशी : इंजिन गरम झालं तरी चोक थोडा ओढून ठेवावा लागतो. उभ्या गाडीत इंजिन वरखाली होतं. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की कार्बोरेटरच्या तोंडातून फट् फट् आवाज येतो. वेग घेतल्यावर मात्र गाडी बरी चालते. कुणीतरी तुला म्हणालं, मिक्श्चर पातळ आहे, मोठा मेन जेट घालून टाक. निदान बरोबर आहे, उपाय चुकीचा.

पातळ म्हणजे काय ते आधी पक्कं समजून घे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा त्याहून बरीच जास्त झाली की जाळ सावकाश पसरतो. स्फोटाचा स्ट्रोक संपला तरी तो धुमसत राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याच्या कडेला चाटून जातो. कधी इनलेट व्हॉल्व्ह उघडेपर्यंतही तो विझलेला नसतो. मग आत येणारं ताजं मिश्रण मॅनिफोल्डमध्येच पेटतं. तुझी फट् फट् ती हीच. चोक ओढला की पेट्रोल वाढतं आणि इंजिन शांत होतं, म्हणजे रोगाचं नाव कळलं. कारण अजून कळलेलं नाही. पेट्रोल कमी पडतंय की कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, हा खरा प्रश्न आहे.

मी हा प्रश्न विचारला नव्हता. तुझ्या वयाचा असताना मीही असंच 1489 सीसीचं इंजिन घरी बांधलं, आणि ते असंच खोकायला लागलं. मी स्लो जेट आणि मेन जेट दोन्ही एकेक नंबर मोठे घातले. आयडलिंग शांत झालं, मी खूश झालो. काही महिन्यांनी आंबा घाटात गाडीचा जोरच गेला. हेड खोललं, तर एक नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड कुरतडल्यासारखी जळालेली. तीन आणि चार नंबरचे प्लग काजळीने काळे, एक आणि दोनचे मात्र खडूसारखे पांढरे. निम्मं इंजिन पेट्रोल पीत होतं आणि निम्मं तहानलेलं होतं.

असं का झालं, हे या इंजिनाच्या रचनेतच आहे. चार सिलिंडरना इनलेटची तोंडं दोनच : एक 1 आणि 2 साठी, दुसरं 3 आणि 4 साठी. एक्झॉस्टची तोंडं तीन. दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यामधल्या स्टडवरचा जाड वॉशर एकाच वेळी दोघांच्याही कडा दाबतो. मी इनलेटचं तोंड मशीनवर घासून आणलं होतं, एक्झॉस्टचं तसंच ठेवलं होतं. इनलेटची कड बारीक झाली, वॉशर एक्झॉस्टवर टेकून राहिला, नट हवा तेवढा आवळला तरी इनलेट सैलच. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या फटीतून इंजिन हवा ओढत होतं. ती फट माझ्याच हाताने तयार केली होती.

म्हणून सांगतो, घरी बांधलेल्या इंजिनात दोष शोधताना आपला हात शेवटी जिथे फिरला, तिथे पहिल्यांदा बघायचं. जे खोललंच नव्हतं ते नंतर.

आता क्रमाने जा. पॉइंटचा गॅप सुमारे 0.4 मिलिमीटर आहे ना, टायमिंग मागे गेलेलं नाही ना, टॅपेट जास्त आवळलेले नाहीत ना, हे पाहून घे. या चुकाही पातळ मिश्रणाचं सोंग घेतात. मग त्रास नेमका कधी होतो ते लिहून काढ. उभ्या गाडीत थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, आत ओढ जबरदस्त असते आणि हवा लागते अगदी थोडी. तिथे सूतभर फटीतून आलेली हवाही मोठी ठरते. वेगात इंजिन इतकी हवा घेतं की तीच फट जाणवत नाही. म्हणून आयडलिंगला त्रास आणि वेगात आराम असेल, तर आधी हवेची गळती शोध आणि स्लो जेट फुंकून बघ. उलट आयडलिंग छान आणि चढावर गाडी गुदमरत असेल, तर पेट्रोल अडतंय : इंधनाचा एसी पंप, फिल्टर, फ्लोटची पातळी, मेन जेटमधला कचरा. वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडून टाकीचं झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजली आहे.

तुझी लक्षणं पहिल्या प्रकारची आहेत. इंजिन नुकतंच चालू केलेलं असताना, मॅनिफोल्ड हाताला सोसेल इतकाच कोमट असताना, ब्रशने इनलेटच्या सांध्यावर थोडं इंजिन ऑइल लाव. एखाद्या जागी तेल लागताच आवाज क्षणभर सुधारला, तर फट तिथेच. तशीच परीक्षा कार्बोरेटरच्या बुडाशी आणि थ्रॉटलच्या दांड्याशी घे. पेट्रोल शिंपडून बघायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्यात गाड्या जळाल्या आहेत आणि माणसंही भाजली आहेत. कार्बोरेटर काढलाच, तर त्याच्या बुडावर स्टीलची पट्टी उभी धर आणि उजेडाकडे तोंड करून बघ. मधून उजेड दिसला, तर नट जास्त आवळून बूड वाकलं आहे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते हलक्या हाताने सपाट कर आणि नवं पॅकिंग घाल.

मोठ्या जेटलाही जागा आहे, पण ती शेवटची. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे त्या इंधनाला 14.7 ऐवजी साधारण साडेतेरा पटच हवा पुरते. जुन्या जेटवर गाडी तेवढी पातळ चालते. शिवाय ते जुनं रबर खातं आणि टाकीतला गाळ सोडवून जेटपर्यंत आणतं. होज आणि पंपाचा डायफ्राम बदलून घे. सगळ्या गळत्या बंद करूनही चारही प्लग सारखेच पांढरे दिसले, तरच जेट एक नंबर वाढव.

एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि बदलली की वहीत तारखेसह लिही. दोन गोष्टी एकदम बदललेल्या माणसाला गाडी सुधारली तरी काही कळलेलं नसतं.

या रविवारी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आण आणि मग चार प्लग काढ. पुठ्ठ्यावर 1, 2, 3, 4 असे आकडे घालून त्यावर ते ओळीने ठेव आणि उन्हात फोटो काढून मला पाठव. तो फोटो मी बघेपर्यंत जेट विकत आणू नकोस.

तुझा,
मामा