अंबरात न सापडलेली मादी

वळवाचे चार थेंब पडून गेले आणि मिरग तोंडावर आला की लोंढ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या रानात काजवे दिसू लागतात. आपण मान वर करून झाडांकडे बघत राहतो, कारण लखलखाट तिथं असतो. वर उडणाऱ्यांत बहुतेक नर असतात. काजव्यांच्या कित्येक जातींत मादीला पंखच फुटत नाहीत. ती खाली पाचोळ्यात किंवा गवताच्या बुडाशी, अळीसारख्या मऊ अंगानं बसून मंद उजेड देते आणि नर त्या उजेडाच्या रोखानं खाली उतरतो. दोघं शेजारी शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत, हे सांगूनही पटू नये. काजवा माश्यांच्या गोतातला नव्हे, भुंग्यांच्या गोतातला. आणि भुंग्यांमधला नर-मादीचा हा फरक फार जुना आहे.

किती जुना, ते अंबर सांगतं. झाडाची राळ ओघळते, तिच्यात एखादा कीटक अडकतो, राळ मातीखाली गाडली जाते आणि कोट्यवधी वर्षांत दगडासारखी घट्ट होते. म्यानमारच्या काचीन प्रांतातल्या सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षं जुन्या अंबरातून 2021 साली एका मऊ अंगाच्या भुंग्याचं वर्णन प्रसिद्ध झालं: क्रेटोफेन्गोडीस अझारी. त्याच्या पोटावर उजेड देणारा अवयव अजून ओळखू येतो. डायनासोर फिरत होते त्या काळातल्या रात्रीही भुंगे चमकत होते, याचा एवढा उघड पुरावा हाती यावा, हे मला थक्क करणारं वाटतं. पण हा भुंगा नर आहे. त्याच्या नात्यातल्या आजच्या कुळांत मादी जन्मभर अळीच्या रूपात राहते. त्याची मादीही तशीच असावी, असा तर्क करता येतो; तिला पाहता येत नाही.

यात राळेचा दोष नाही. राळ खोडावरून ओघळते. तिच्यात सापडतो तो सालीत राहणारा, खोडावर चढणारा किंवा उडत येऊन आपटणारा. पंख असलेला नर रात्रभर मादीच्या शोधात भिरभिरतो आणि चिकटतो. जमिनीवर एका जागी बसून वाट पाहणाऱ्या मादीवर राळेचा थेंब पडायला फारच मोठा योगायोग लागतो. म्हणजे नर आणि मादी यांच्यातला फरक नुसता अंगावर नसतो. कोणाची नोंद राहणार आणि कोणाची नाही, हेही तोच ठरवतो.

शिवाय जे सापडतात त्यांतही नर-मादी ओळखणं सोपं नाही. आपल्याकडे नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा हातात घेऊन बघावा: नराचं शिंग लांब, मादीचं आखूड, आणि मादीच्या पोटाच्या टोकाशी तांबूस केसांची दाट झालर. ताज्या भुंग्यात हे पाहणं क्षणाचं काम. अंबरातला भुंगा मात्र अनेकदा दोन मिलिमीटरचासुद्धा नसतो, नेमक्या खुणेवर हवेचा बुडबुडा नाहीतर तडा असतो आणि मग क्ष-किरणांनी आतून त्याची प्रतिमा घ्यावी लागते. एवढं करूनही एकाच जातीच्या नराला एक नाव आणि मादीला दुसरं, असं होण्याचा धोका राहतोच. जिवंत भुंग्यांच्या बाबतीतही उलगडा व्हायला वेळ लागला आहे. बोर्निओतल्या ‘ट्रायलोबाइट’ भुंग्याची खवल्यांची ढाल पांघरलेली, अळीसारखी मादी संशोधकांना ठाऊक होती, पण तिचा नर कोण हे कोडंच होतं. ते 1925 साली एरिक म्योबर्ग यांनी सोडवलं. नर निघाला तिच्या मानानं अगदीच चिमुकला, पंखांचा, साधासा भुंगा.

आपल्या देशातलं अंबरही या कामी मोलाचं आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीतलं अंबर सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचं, शालवृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या राळेचं. त्यातल्या कीटकांचा मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. हे अंबर पुरतं कडक झालेलं नसल्यामुळे टोल्यूइनसारख्या द्रावकात विरघळतं आणि कीटक अख्खा बाहेर काढता येतो, उलटासुलटा करून सर्व बाजूंनी पाहता येतो. गुजरातच्याच अंबरातून 2014 साली मुंग्यांच्या आश्रयानं राहणाऱ्या एका इवल्याशा भुंग्याचं वर्णन झालं. वारुळाशी बांधलेला जीवही कधीतरी राळेत येतो, तर एखादी पंख नसलेली मादी का येणार नाही? मला ही आशा खरी वाटते.

नोंदीतली ही कसर निसर्गापुरतीच नाही. जगातल्या मोठ्या संग्रहालयांतले पक्ष्यांचे नमुने 2019 साली मोजले गेले तेव्हा लिंग नोंदवलेल्यांत माद्या सुमारे 40 टक्केच भरल्या. तिथं वेचणारी माणसंच होती. नर रंगीत, ठळक, पटकन नजरेत भरणारा. त्याच्यावर हात आधी गेला.

म्हणून लोंढ्याकडच्या, खानापूर तालुक्यातल्या रानाची जमीन मला महत्त्वाची वाटते. अंबरातल्या नराची मादी कशी असेल, हे आजच्या पाचोळ्यातल्या मादीवरूनच ताडता येणार आहे. पाचोळ्यातच काजव्याची अळी गोगलगाई खाऊन वाढते. उन्हाळ्यात वणवा लागला की ती तिथंच जळते, आणि रस्त्याकडेला प्रखर दिवे आले की मादीचा मंद उजेड नराला दिसेनासा होतो. मे-जूनमध्ये काजव्यांचे फोटो काढायला रानात जाणारी पोरं आता बरीच आहेत. त्यांनी बॅटरी विझवून थोडा वेळ पायाखालच्या गवतातही बघावं, मादी दिसली तर तिला न हलवता जागा आणि तारीख लिहून ठेवावी, आणि ती वही बेळगावातल्या एखाद्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्यावी.