अनवधानाची हिंसा

पाप हेतूंत असतें कीं कृतींत, हा वाद आपल्याकडे पुरातन आहे. दशरथानें श्रावणास मारिलें तें द्वेषानें नव्हे. काळोखांत पाण्याचा आवाज ऐकून, हत्ती आहे असें समजून त्यानें बाण सोडला. तथापि, ‘मला ठाऊक नव्हतें’ एवढें म्हणून त्यानें आपली सुटका करून घेतली नाहीं. उमास्वातींनींही तत्त्वार्थसूत्रांत हिंसेची व्याख्या करितांना भर दिला आहे तो प्रमादावर. व्यापारी जहाजांच्या वाटेंत मरणाऱ्या देवमाशांचा प्रश्न हें आम्हांस या जुन्या वादाचेंच नवें रूप वाटतें.

अमेरिका व कॅनडा यांच्या पूर्व किनाऱ्यालगत देवमाशांची एक जात राहते. तिला इंग्रजींत राइट व्हेल, म्हणजे ‘योग्य देवमासा’, म्हणतात. हा प्राणी संथ पोहतो, किनाऱ्याजवळ येतो आणि मेल्यावर चरबीमुळें तरंगतो. म्हणून शिकाऱ्यांच्या लेखीं तो मारावयास योग्य, असा या नांवाचा अर्थ सांगतात. १९३५ पासून आंतरराष्ट्रीय करारानें त्याची शिकार बंद झाली, पण जात सांवरली नाहीं. आज तिचे ४०० हूनही कमी प्राणी उरले आहेत. त्यांच्या अपमृत्यूचीं मुख्य कारणें दोन : मासेमारीच्या दोरांत अडकणें आणि जहाजाची धडक. सुमारें ५० फूट लांबीचा हा जीव अन्न गाळून खाण्यासाठीं व पिलासह विसावण्यासाठीं पुष्कळदां पाण्याच्या पृष्ठाजवळ असतो. आणि अजस्र जहाजास त्याचा धक्काही बहुधा जाणवत नाहीं.

शिकाऱ्यास आपण काय करितों हें माहीत होतें. जहाजावर तें कोणास कळतही नाहीं. कप्तान वेळापत्रक पाळतो, मालक भाडें पाहतो, व्यापारी मागणी पुरवितो, आणि मागणी करणारे आपण सारे. दोष इतक्या जणांत वांटला जातो कीं प्रत्येकाच्या वांट्यास आलेला अंश शून्यवत् वाटावा. परंतु वांटणीनें दोष लहान झाला तरी मृत्यु लहान होत नाहीं.

शिवाय इजा केवळ धडकेनेंच होते असें नाहीं. देवमाशांचा परस्परांशीं व्यवहार ध्वनीवर चालतो, आणि जहाजांच्या घरघरीनें तोच बुडून जातो. सप्टेंबर २००१ मध्यें न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर कांहीं दिवस जहाजांची वर्दळ घटली, तेव्हां फंडीच्या उपसागरांत पाण्याखालील आवाज ६ डेसिबलांनीं उतरला. त्याच वेळीं तेथील देवमाशांच्या विष्ठेंत मानसिक ताणाचीं द्योतक द्रव्यें कमी आढळलीं. ही हकीकत शास्त्रज्ञांनीं २०१२ मध्यें प्रसिद्ध केली.

आतां हें सर्व कळलेलें आहे, आणि खरा नैतिक प्रश्न येथूनच सुरू होतो. न कळतां घडतो तो अपघात. कळल्यावर तसेंच चालू ठेविलें तर ती आपली निवड होय. फंडीच्या उपसागरांतील जहाजमार्ग २००३ मध्यें थोडा पूर्वेस सरकविण्यांत आला. २००८ मध्यें अमेरिकेनें ६५ फूट व त्याहून मोठ्या जहाजांस ठराविक भागांत, ठराविक ऋतूंत, ताशीं १० नॉटची मर्यादा घातली. श्रीलंकेच्या दक्षिणेस निळ्या देवमाशांच्या चरण्याच्या पाण्यांतूनच पूर्व-पश्चिम व्यापाराचा मोठा मार्ग जातो. तेथें २०२२ मध्यें एका बड्या जहाज-कंपनीनें आपलीं जहाजें सुमारें १५ सागरी मैल दक्षिणेकडून नेण्यास आरंभ केला. यायोगें जहाजांस थोडा फेरा पडला, थोडा विलंब झाला. व्यापार बुडाला नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘माणसाच्या पोटापुढें देवमाशाची काय मातब्बरी?’ हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भुकेल्या प्रांतास धान्य नेणारें जहाज एक घटकाही रेंगाळूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु प्रत्येक जहाज तसलें असतें काय? पुष्कळदां तराजूच्या एका पारड्यांत एका जिवाचें आयुष्य असतें आणि दुसऱ्यांत आपली कांहीं तासांची उतावीळ. तिला पोटाचें नांव देणें ही आत्मवंचना होय.

मात्र नियम एकदां केला म्हणजे कर्तव्य संपलें, असेंही नाहीं. समुद्र तापूं लागला, अन्न हललें, आणि त्यामागोमाग देवमासे सेंट लॉरेन्सच्या आखातांत गेले. तेथें त्यांच्यासाठीं असे निर्बंध नव्हते. २०१७ च्या एका मोसमांत कॅनडाच्या पाण्यांत १२ मृत आढळले. त्यांतील कित्येकांच्या अंगावर धडकेच्या खुणा होत्या. जुन्या ठिकाणचा पहारा कायम होता, पण ज्यांच्यासाठीं तो होता ते तेथें नव्हते.

म्हणून अहिंसा म्हणजे केवळ शस्त्र खालीं ठेवणें नव्हे. आपला हात कोठवर पोहोंचतो हें पुनःपुन्हां पाहात राहणें, हेंही तिचें अंग आहे. दशरथाचा हात बाणाच्या पल्ल्याइतका लांब होता. आपला पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकापर्यंत पोहोंचतो. मग दृष्टि उंबरठ्यापाशींच थांबवून कसें चालेल?