सरमेची फिर्याद

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. कुरुक्षेत्री यज्ञ चालू असता देवशुनी सरमेचे पोर तेथे आले आणि राजाच्या तिघा भावांनी त्याला मारून पिटाळले. हविर्द्रव्याला मी तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, असे त्याने आईला रडत सांगितले. सरमेने यज्ञमंडपात येऊन जाब विचारला. कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा, निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर अवचित भय ओढवेल, असा शाप देऊन ती निघून गेली. फिर्याद रीतसर, आणि प्रतिवादी निरुत्तर!

त्याच ग्रंथाच्या अखेरीस युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसण्यास नकार देतो. ही कथा आपण कीर्तनात आवडीने ऐकतो. पहिली बहुधा विसरतो. कारण उघड आहे. दुसऱ्या कथेत कुत्रा अखेर साक्षात् धर्म निघतो. पहिलीत तो शेवटपर्यंत कुत्राच राहतो.

हा प्राणी माणसाच्या दाराशी आला कसा? तो लांडग्याच्या वंशातला, हे निर्विवाद आहे. गाय, शेळी, किंबहुना शेतीही माणसाच्या हाती येण्यापूर्वी, निदान चौदा-पंधरा हजार वर्षांमागे, तो शिकाऱ्यांच्या तळावर होता. आपल्याकडे नर्मदाकाठच्या आदमगढच्या शैलाश्रयांत १९६१ साली उत्खनन झाले, तेथे त्याची हाडे मिळाली. काश्मिरात बुर्झहोम येथे तर माणसाशेजारी कुत्रे पुरलेले आढळले. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दोन माणसांच्या सांगाड्यांबरोबर सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक पिल्लू सापडले. त्याच्या दातांवरून अभ्यासकांनी २०१८ साली अनुमान काढले की, त्याला प्राणघातक रोग झाला होता आणि कोणी शुश्रूषा केल्यावाचून ते काही आठवडे जगले नसते. शिकारीला निरुपयोगी असे आजारी पिल्लू! कोणत्या लाभासाठी त्याला पाणी पाजले असेल?

माणसाने बछडे धरून आणले, की भित्रेपणा कमी असलेले लांडगे उष्ट्याखरकट्याच्या आशेने आपण होऊन जवळ आले, यावर विद्वानांत वाद आहे. समजा, ते अनाहूत आले. मग आपले देणे संपते काय? १८७२ च्या करार कायद्याचे सत्तरावे कलम सांगते की, फुकट करण्याचा हेतू नसता कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि त्याने लाभ भोगला, तर मोबदला द्यावा लागतो. करार झालेला असण्याची गरज नाही. कुत्रा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' नव्हे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण कलमामागची नीती आक्षेपाने मरत नाही. रानात परतण्याची त्याची वाट आपल्या सोबतीनेच बुजली आहे.

अर्थात, ज्याच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला, त्याला हे ऐकवणे निर्दयपणाचे होईल. त्याचीही फिर्याद खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक मात्र सोडू नयेत, खाऊ घालण्याच्या जागा नेमून द्याव्यात, असे ठरविले. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांतून ते हलविण्यास सांगितले. मला पहिला आदेश अधिक न्याय्य वाटतो. मात्र लसीकरण नगरपालिकेने खरोखरच केले, तरच.

मनुस्मृतीत वैश्वदेवानंतर कुत्र्यांसाठी अन्न हळूच भूमीवर ठेवण्यास सांगितले आहे. (त्याच ओळीत काही माणसांनाही बसविले आहे, तो कलंक निराळा.) तेथे 'टाकावे' असे म्हटलेले नाही. आमच्या स्नेहलतागंजात, माळव्याच्या रीतीप्रमाणे, पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची काढतात. ही शेवटची पोळी सर्वांची जेवणे होण्यापूर्वीच बाजूला ठेवलेली असते, की ताटात उरलेली, एवढे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.