तिकिटाची खिडकी आणि प्रार्थनेचं दार

फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये शिरण्याच्या दोन रीती आहेत. मायकेलअँजेलो, माकियाव्हेली आणि गॅलिलिओ यांच्या कबरी पाहायच्या असतील तर तिकीट काढावं लागतं. प्रार्थना करायची असेल तर पैसे पडत नाहीत. इमारत तीच, जोत्तोची भित्तिचित्रंही तीच. फरक आहे तो येणाऱ्याच्या हेतूत, आणि हेतू काही पासपोर्टवर छापलेला नसतो. जूनमध्ये इटलीला जायचं म्हणून चार महिने आधीपासून व्हिसाचे कागद, उफ्फित्सी संग्रहालयाची वेळ, कॅथेड्रलच्या घुमटावर चढायची वेळ असं सगळं जुळवत बसलेल्या माणसापुढे एक जुना तात्त्विक प्रश्न असा अगदी व्यावहारिक वेशात येऊन उभा राहतो. आपण तिथे कोण म्हणून जाणार?

सहल कंपन्यांनी याचं उत्तर परस्पर देऊन टाकलेलं असतं. रोम आणि व्हेनिस यांच्या मधे अर्धा दिवस फ्लॉरेन्स, त्यात एक चौक, एक पूल, एक घुमट आणि चामड्याच्या पिशव्यांची खरेदी. स्वतःची सहल स्वतः आखणाऱ्याला मात्र विचार करण्यावाचून सुटका नाही. कारण या शहरात जे पाहायचं आहे त्यातलं बरंचसं पाहण्यासाठी केलेलंच नव्हतं.

कॅथलिक धर्मसंहितेत, म्हणजे 1983 साली लागू झालेल्या चर्चच्या कायद्यात, 1221 क्रमांकाचं एक कलम आहे. धार्मिक विधी चालू असताना चर्चमध्ये प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असला पाहिजे, असं ते सांगतं. विधी चालू नसताना काय, यावर कलम गप्प आहे. त्या मोकळ्या जागेत तिकिटाची खिडकी उभी राहिली. शिवाय सांता क्रोचे आणि सांता मारिया नोव्हेला ही फ्लॉरेन्सची दोन मोठी चर्चेस मुळात चर्चच्या मालकीची नाहीतच. एकोणिसाव्या शतकात नव्या इटालियन राज्याने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, आणि आज ही दोन्ही मंदिरं गृहखात्याच्या अखत्यारीतल्या एका निधीकडे आहेत. देवघर गृहखात्याचं, पूजा धर्मगुरूंची आणि तिकीट विश्वस्तांचं!

तिकिटाला नाक मुरडण्याचं कारण नाही. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीला महापूर आला तेव्हा सांता क्रोचेत पाणी, चिखल आणि तेल शिरलं. चिमाबुएने तेराव्या शतकात रंगवलेल्या प्रचंड क्रुसाचा बहुतेक रंग त्यात वाहून गेला. तज्ज्ञांनी तो दहा वर्षं खपून सावरला, पण गेलेला भाग गेलाच आहे हे दिसत राहील अशा बेताने. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, ती पाण्यात सोडतात. फ्लॉरेन्सने पाण्यानेच मोडलेला देव पाण्यातून काढून पुन्हा टांगला. हे भक्तीचं काम होतं की इतिहासाचं? ज्यांनी ते केलं त्यांनाही या दोहोंत रेघ ओढता आली असेल असं वाटत नाही.

उफ्फित्सीत ती रेघ मात्र ठळक आहे. तिथल्या एका दालनात तीन भव्य मेरी-माता एकमेकींच्या शेजारी आहेत. एक चिमाबुएची, एक दुच्चोची, एक जोत्तोची. पहिली सांता त्रिनिता चर्चची, दुसरी सांता मारिया नोव्हेलाची, तिसरी ओन्यिसांतीची. पूर्वी त्या तिघी तीन वस्त्यांत राहत आणि प्रत्येकीपुढे तिचे तिचे भाविक असत. आता त्या शेजारी आल्यामुळे पंचवीस-तीस वर्षांत चित्रकला किती बदलली हे एका नजरेत कळतं. जोत्तोच्या मेरीच्या वस्त्राखाली गुडघे आहेत, खरं वजन आहे. ही जाण त्या एकेकट्या असताना सहज आली नसती. पण या तिघींपुढे आता कोणी काही मागत नाही. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने 1930 च्या दशकात कलाकृतीचं उपासनेतलं मूल्य आणि प्रदर्शनातलं मूल्य असा भेद केला होता. एक घटलं की दुसरं वाढतं, असा त्याचा रोख. फ्लॉरेन्समध्ये फिरताना तो निम्माच पटतो.

न पटण्याचं कारण दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. सांतिस्सिमा आन्नुन्झियाता चर्चमध्ये एक भित्तिचित्र आहे, ज्यातला मेरीचा चेहरा चित्रकार झोपला असताना देवदूताने पुरा केला, अशी आख्यायिका आहे. कलेच्या इतिहासात या चित्राला मोठं स्थान नाही. शहराच्या आयुष्यात मात्र आहे. नववधू लग्नानंतर आपला पुष्पगुच्छ तिथे वाहतात. एके काळी या चर्चमध्ये नवस फेडणाऱ्यांच्या मेणाच्या पूर्णाकृती प्रतिमा टांगलेल्या असत. 1478 च्या खुनी हल्ल्यातून वाचल्यावर शहराचा सत्ताधीश लोरेन्झो मेदिची यानेही आपली ठेवली होती. इथे तिकीट नाही. सहलीच्या यादीतही हे चर्च बहुधा नसतं. म्हणजे जिथे कला थोर तिथे भक्ती आटली आणि जिथे भक्ती टिकली तिथे कला बेताची, असं म्हणायचा मोह होतो. पण तसं म्हणू लागावं तर सान मार्को आडवं येतं.

सान मार्को हा डोमिनिकन साधूंचा मठ, 1869 पासून संग्रहालय. 1440 च्या आसपास फ्रा आंजेलिको या तिथल्याच साधूने आणि त्याच्या साहाय्यकांनी वरच्या मजल्यावरच्या चाळीसहून अधिक खोल्यांत प्रत्येकी एक चित्र रंगवलं. एक साधू, एक खोली, एक छोटी खिडकी, एक चित्र. त्याने वर्षानुवर्षं तेवढं एकच पाहायचं. सातव्या खोलीत ख्रिस्ताची विटंबना आहे. डोळे बांधलेला ख्रिस्त मध्यभागी, आणि त्याच्याभोवती अधांतरी हात, काठी, थुंकणारं एक नुसतं डोकं. मारणाऱ्यांची धडं काढलेलीच नाहीत. खाली दोन माणसं बसली आहेत, मेरी आणि संत डोमिनिक. दोघंही त्या प्रसंगाकडे पाहत नाहीत. डोमिनिकच्या मांडीवर पुस्तक आहे आणि तो त्यात बुडालेला आहे. ध्यान कसं करावं याचा पाठच चित्रात रंगवलेला आहे, आणि तो पाठ असा की डोळे फाडून बघत राहणं म्हणजे ध्यान नव्हे. हे चित्र कलेच्या कोणत्याही मापाने थोर आहे. चित्रकाराला पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1982 साली धन्यपद दिलं. आणि संग्रहालय असूनही त्या खोलीच्या उंबऱ्याशी माणसं आपोआप आवाज खाली आणतात.

पावित्र्य वस्तूत मुरलेलं नसतं, तसंच ते केवळ पाहणाऱ्याच्या डोक्यातही नसतं. ते वागणुकीत असतं, म्हणजे वस्तूभोवती माणसांनी मिळून काय करायचं आणि काय नाही करायचं ठरवलेलं असतं, त्यात. तीन मेरी-मातांपुढची वागणूक बदलली, म्हणून त्या बदलल्या. सान मार्कोच्या खोल्यांतले साधू गेले, पण खोल्यांनी वागणूक धरून ठेवली. पाहुणा श्रद्धावान नसला तरी वागणूक शिकू शकतो. खांदे आणि गुडघे झाकून यायला सांगणारी दारावरची पाटी त्याला तेवढंच विचारत असते.

याच मठाचा प्रमुख होता जिरोलामो साव्होनारोला. त्याला चित्रांचा मोह हाच पाप वाटे. 7 फेब्रुवारी 1497 ला त्याच्या अनुयायांनी आरसे, पत्ते, वाद्यं, पुस्तकं, चित्रं यांची होळी केली. पुढल्याच वर्षी, 23 मे 1498 ला, शहराच्या मुख्य चौकात त्याला फाशी देऊन जाळलं. आणि मग सत्ताधाऱ्यांनी एक फार विचारपूर्वक गोष्ट केली. त्याची राख आर्नोत टाकली, म्हणजे भक्तांच्या हाती अवशेष म्हणून काही लागू नये. देहाच्या चिमूटभर उरलेल्या भागातही केवढी ताकद असते, हे भक्तांइतकंच मारेकऱ्यांनाही ठाऊक होतं. फाशी दिली त्या जागी आज दगडी तबकडी आहे, आणि दरवर्षी 23 मेला नगरपालिकेच्या साक्षीने तिथे फुलं वाहिली जातात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी हा दिवस जरूर साधावा.

अवशेषांची हीच ताकद पुढे एका वैज्ञानिकाच्याही वाट्याला आली. गॅलिलिओ 1642 मध्ये वारला तेव्हा चर्चच्या रोषामुळे त्याला सांता क्रोचेच्या मुख्य दालनात जागा मिळाली नाही. आत एका बाजूच्या लहान खोलीत त्याला पुरलं. 1737 मध्ये त्याला सन्मानाने मोठ्या कबरीत हलवताना त्याच्या चाहत्यांनी त्याची काही बोटं काढून घेतली. त्यातलं उजव्या हाताचं मधलं बोट आज गॅलिलिओ संग्रहालयात काचेच्या अंडाकृती पात्रात उभं आहे, एखाद्या संताच्या बोटासारखंच. ज्याने परंपरेवर नव्हे तर निरीक्षणावर विश्वास ठेवा म्हटलं त्याच्या अनुयायांना बोट हवंसं वाटलं. यावर हसणं सोपं आहे, पण दुर्बीण उचलणारा हात इथे होता, हे जाणून काचेपुढे थबकत नाही असा माणूस विरळा.

गॅलिलिओच्या त्या नव्या कबरीवर फोज्जिनी या शिल्पकार घराण्याचे हात चालले आहेत. त्याच घराण्यातल्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीचं दुसरं मोठं काम पाहायला मराठी माणसाला व्हिसा लागत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने फ्लॉरेन्समध्ये फोज्जिनीकडून करवून घेतला. सुटे भाग जहाजाने आले आणि 1698 मध्ये गोव्यात बसवले गेले. झेवियरच्या, म्हणजे गोंयच्या सायबाच्या, पार्थिवाचं जाहीर दर्शन दर दहा वर्षांनी होतं, अलीकडे 2024-25 च्या हिवाळ्यात झालं. त्याला जाणारी रांग आणि फ्लॉरेन्समधल्या बोटापुढची गर्दी वेगळ्या कारणांनी उभी असते. तरी एकाच शहरातल्या, एकाच घराण्याच्या कारागिरांनी संताला आणि वैज्ञानिकाला सारख्याच हातोटीने सन्मान दिला, ही गोष्ट श्रद्धा विरुद्ध विज्ञान या ठरीव भांडणात बसत नाही.

फ्लॉरेन्सशी महाराष्ट्राचं याहून थेट नातं शहराच्या पश्चिम टोकाला, काशीने उद्यानाच्या शेवटी आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये इंग्लंडला गेले होते. समुद्र ओलांडणं धर्मबाह्य मानणाऱ्यांचा तो काळ. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि दहन तिथल्या रीतीला सर्वस्वी परकं होतं. तरी खास परवानगी मिळाली. जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला आणि रक्षा पाण्यात सोडली गेली. सोबतच्या माणसांनी नकाशावर बिनओळखीच्या दोन नद्या शोधल्या आणि त्यांचा संगम आपल्या संगमाइतकाच पवित्र मानला. तीर्थ निसर्गात आयतं नसतं, माणसं ते ठरवतात, याचं याहून चोख उदाहरण सापडणं कठीण.

आणि ही तीच आर्नो. याच्या 372 वर्षं आधी तिच्यात एका माणसाची राख त्याची आठवण पुसण्यासाठी टाकली होती. राजाराम महाराजांची सोडली ती सद्गतीसाठी. पाण्याला दोन्ही सारखीच. सोळा वर्षांनी, 1886 मध्ये, रोमने कॅथलिकांना दहनाची बंदी केली आणि 1963 मध्ये ती उठवली. संगमावर 1874 मध्ये उभारलेली छत्री आणि तिच्याखालचा महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आजही आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. शेजारच्या 1978 च्या पुलाला फ्लॉरेन्सकर ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. इथे तिकीट नाही, रांग नाही, आणि सहलीची बसही सहसा येत नाही. अर्धा दिवस राखून जावं.

राहता राहिला तारखांचा प्रश्न. जूनचा तिसरा आठवडा गरम आणि गर्दीचा. 24 जून हा नगररक्षक संत योहानाचा सण, त्यामुळे हॉटेलं महाग. तरीही तोच आठवडा निवडण्याला एक कारण आहे. साधारण 1475 मध्ये पाओलो तोस्कानेल्ली या गणितज्ञाने कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटात सुमारे 90 मीटर उंचीवर भोक असलेला कांस्याचा पत्रा बसवला. वर्षातले थोडेच आठवडे दुपारचं ऊन त्यातून थेट कॅथेड्रलच्या फरशीवर पोचतं, आणि 21 जूनच्या सुमारास सूर्याची चकती एका संगमरवरी वर्तुळावर येऊन बसते. तिथला मध्यान्ह घड्याळात साधारण सव्वा वाजता होतो. 1755 मध्ये लिओनार्दो शिमेनेस या जेझुइट पाद्र्याने याच यंत्रावर पृथ्वीच्या अक्षाचा कल मोजला. ज्या चर्चने गॅलिलिओवर खटला चालवला, त्याच चर्चच्या मुख्य वेदीजवळ खगोलशास्त्राचं यंत्र चालू होतं, आणि ते कोणाला खटकलं नाही. ईस्टरची तारीख ठरवायची तर सूर्य नीट मोजावाच लागतो.

कॅथेड्रलमध्ये फुकट जाता येतं, पण हा प्रयोग पाहायला आधी नाव नोंदवावं लागतं. जागा संपल्या तर नदीपलीकडच्या टेकडीवर सान मिनियातो आहे. तिथल्या फरशीवर 1207 सालचं राशिचक्र आहे आणि त्याच दिवसांत खिडकीतलं ऊन त्यातल्या कर्क राशीवर येतं. तिथे साधू अजून राहतात. त्यांच्या प्रार्थना ठरलेल्या वेळी होतात, ऊन बघायला आलेली मंडळी राशिचक्राभोवती कोंडाळं करून असली तरी. जिन्यांची चढण दमवणारी आहे, वर जायला शहर बस आहे, आणि पाण्याची बाटली सोबत असलेली बरी.