डायडोसाठी रडलेला मुलगा

शाळकरी ऑगस्टीन व्हर्जिलचे महाकाव्य वाचताना कार्थेजच्या राणी डायडोसाठी रडला. एनियस तिला टाकून जातो, ती जीव देते आणि उत्तर आफ्रिकेतल्या थागास्टे गावचा हा मुलगा डोळे पुसत बसतो. पुढे हिप्पोचा बिशप झाल्यावर, इ. स. 397 च्या सुमारास, त्याने ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतले, तेव्हा या रडण्यावरून स्वतःला चांगलेच फैलावर घेतले आहे. काव्यातल्या राणीसाठी डोळ्यांत पाणी, आणि आपण देवापासून दुरावतो आहोत याचे मात्र काहीच नाही, असा त्याचा सूर.

भाविक वाचकाला हे पटते आणि तो कथा-कादंबऱ्यांना हात लावेनासा होतो. असे वाचक मी पाहिले आहेत. त्यांनी ‘कन्फेशन्स’चा पाचवा भाग जरा सावकाश वाचावा. ऑगस्टीनला कार्थेज सोडून रोमला जायचे आहे आणि आई मोनिका त्याला सोडायला तयार नाही. ती बंदरापर्यंत मागे आली आहे. मित्राला निरोप द्यायचाय, त्याचे जहाज सुटेपर्यंत थांबतो, अशी थाप मारून तो तिला जवळच्या संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळी रात्र काढायला पाठवतो, आणि स्वतः जहाजावर चढतो. सकाळी आई किनाऱ्यावर आक्रोश करते आहे. कार्थेजचाच किनारा, तसेच चोरून निघालेले जहाज, तशीच मागे राहिलेली बाई. आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी रात्र सांगायची वेळ आली, तेव्हा बिशपच्या मदतीला शाळेत घोकलेला व्हर्जिलच आला. त्याचे नाव तो तिथे घेत नाही. घ्यायची गरजही नसावी. त्याच्या शिकलेल्या वाचकांना व्हर्जिल पाठ होता.

अशी नाव न घेता केलेली उसनवारी ख्रिस्ती उपदेशाच्या पुस्तकांत बरीच सापडते. थॉमस आ केम्पिस नेदरलँड्समधल्या झ्वोले गावाजवळच्या मठात राहिला आणि 1471 मध्ये वारला. पोथ्या नकलून काढण्यात त्याचे आयुष्य गेले. अख्खे बायबल त्याने हाताने चारदा उतरवले. त्याच्या ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’मध्ये पंडितांची पुरेपूर हजेरी घेतलेली आहे. पण मोहाला सुरुवातीलाच रोखा हे सांगताना तो ‘कुणीतरी म्हटले आहे’ म्हणून एक ओळ देतो. हा कुणीतरी म्हणजे रोमन कवी ओव्हिड, आणि ती ओळ प्रेमरोगावर उतारा सांगणाऱ्या त्याच्या काव्यातली. मठातल्या उपदेशात शृंगारी कवीचे औषध! थॉमसला याची गंमत वाटली असेल का कोण जाणे.

हे पुस्तक मला सलग वाचवत नाही, जीव गुदमरतो. लोकांत मिसळू नका, फार बोलू नका, फार जाणून घेऊ नका. मठात हे ठीक. ज्याच्या घरात म्हातारी आई आहे आणि दारात शेजारी उभा आहे, त्याने काय करावे? रोज एक प्रकरण वाचून मिटून ठेवले तर मात्र ते मनाला लागते. परिव्राजक विवेकानंद गीतेबरोबर हेच पुस्तक जवळ बाळगत, ते उगीच नसावे.

या पुस्तकाची खरी परीक्षा एका कादंबरीने घेतली, असे माझे मत आहे. जॉर्ज एलियट या लेखिकेच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’मध्ये (1860) मॅगी टलिव्हरचे वडील कर्जात बुडतात, घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव होतो, पुस्तकेही जातात. फेरीवाला बॉब तिला जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आणून देतो. त्यात एक लहानसे, जाडजूड, कोपरे दुमडलेले पुस्तक निघते: थॉमस. कधीकाळच्या कुणा वाचकाने शाईने ठिकठिकाणी खुणा केल्या आहेत. मॅगी त्या खुणांमागून वाचत जाते आणि पोरवयातच सगळे सोडायला निघते. तिचा मित्र फिलिप स्कॉटची कादंबरी देऊ करतो, ती घेत नाही. फिलिप तिला तोंडावर सांगतो की तू त्याग करत नाहीस, स्वतःला बधिर करून घेते आहेस.

त्याचे म्हणणे खरेच आहे. एलियटने तरुणपणीच चर्चची श्रद्धा सोडली होती, येशूच्या चरित्राची कठोर चिकित्सा करणारा श्ट्राउसचा जर्मन ग्रंथ तिने 1846 मध्ये इंग्रजीत आणला होता. फिलिपच्या तोंडून थॉमसला निकालात काढून ती मोकळी होऊ शकली असती. पण शेवटच्या भागात, प्रियकराचे पत्र समोर असताना, वादळी रात्री मॅगीला आठवतात ती त्याच पुस्तकातली वाक्ये, आणि ती पत्र जाळते. पोरवयात पळवाट ठरलेले शब्द आता तिला सावरून धरतात. शब्द तेच, मधल्या काळात मॅगीने सोसले आहे. उपदेशाच्या पुस्तकाला हे स्वतःविषयी सांगता येत नाही. त्यासाठी एक माणूस, त्याचे घर, त्याची चूक, हे सगळे लागते, आणि ते कादंबरीकडे असते.

आपल्याला न पटणाऱ्या बाजूलाही न्याय देण्याची हीच गोष्ट श्रद्धाळू दोस्तोयेव्स्कीने उलट्या बाजूने केली. सायबेरियाच्या वाटेवर 1850 मध्ये तोबोल्स्कला हाती आलेला नवा करार त्याने मरेपर्यंत जपला, आणि तरीही ‘ब्रदर्स करामाझोव्ह’मध्ये लहान मुलांच्या यातनांवरून देवाला जाब विचारणारा इव्हान त्याने कसलीही काटछाट न करता उभा केला. झोसिमा साधूचे प्रकरण त्याला पुरेसे उत्तर ठरेल का, याची धास्ती त्याने पत्रातून बोलून दाखवली होती. ती अनाठायी नव्हती. माझ्या मते झोसिमा कमीच पडतो.

मराठीत आध्यात्मिक ख्रिस्ती वाङ्मय म्हटले की 1616 मधले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ आठवते. परक्या धर्माची कथा सांगायला त्या इंग्रज जेझुइटाने इथली ओवी घेतली, हे त्याचे मोठेपण. पण कुणी मला एकच पुस्तक विचारले तर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सांगेन. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झालेला, बाईचे सोवळे तसेच चालू, आणि स्वतःचा विचार स्वतः करत तिने बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांचा राग, रडणे, स्वयंपाकघरातली शिवाशिव, सगळे हसत सांगितले आहे आणि उपदेश कुठेही केलेला नाही. दुकानात ते आत्मचरित्रांच्या फळीवर असेल. सुरुवात त्यानेच करा. केम्पिस मागाहून वाचला तरी चालेल.